घोड्यांची वाट, सायकलींची वाट

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. त्याच्या अंतर्भागात, समुद्रापासून दूर, ग्लोमेल हे लहानसे खेडे वसले आहे. खेड्याजवळ डोंगराच्या कण्यातून आरपार गेलेली एक सरळ खिंड आहे. लांबी सुमारे तीन किलोमीटर, खोली काही ठिकाणी वीस मीटरांहून अधिक. तळाशी कालव्याचे संथ, हिरवट पाणी आणि पाण्याच्या कडेने दाबून बसविलेल्या बारीक खडीची वाट. उन्हाळ्याच्या सुटीत या वाटेवरून सायकलींची रांग जाते. पुढे वडील, मागे आई, मध्ये मुले. मोटारीचा आवाज कोठेही नाही.

ही खिंड निसर्गाची नव्हे. १८२३ ते १८३२ या काळात ब्रेस्त येथील तुरुंगातून आणलेल्या शेकडो कैद्यांनी ती कुदळ-फावड्याने खोदली. त्यांतील बहुतेक शिस्तभंगाबद्दल शिक्षा झालेले सैनिक होते. कामाच्या जागीच त्यांची छावणी उभारण्यात आली होती. आज त्या वाटेने निवांत जाणाऱ्या प्रवाशाला याची कल्पना सहसा नसते.

एवढ्या कष्टाचे कारण युद्ध हे होते. नेपोलियनच्या काळात इंग्रजी आरमाराने ब्रेस्तच्या लष्करी बंदराची नाकेबंदी केली, आणि किनाऱ्याने माल नेणे धोक्याचे झाले. समुद्र टाळून नांत शहरापासून ब्रेस्तपर्यंत भूमार्गाने पाणी न्यावे, म्हणजे दारूगोळा, धान्य व लाकूड शत्रूच्या नजरेआडून पोहोचेल, असा विचार पुढे आला. १८११ मध्ये काम सुरू झाले, राजवट कोसळल्यावर रेंगाळले आणि १८२२ च्या कायद्याने खासगी भांडवलदारांकडून कर्ज उभारल्यावर पुन्हा वेगाने चालू झाले. १८४२ मध्ये ३६४ किलोमीटरांचा कालवा पूर्ण झाला. तोपर्यंत ज्या शत्रूसाठी तो खोदला, त्याच्याशी फ्रान्सचा तह होऊन पाव शतक उलटले होते.

कालव्याची रचना समजून घेतल्याखेरीज आजच्या सायकलवाटेचे मर्म कळत नाही. एर्द्र, व्हिलेन, ऊस्त, ब्लाव्हे, ओन अशा नद्यांची पात्रे एकमेकींना जोडून हा जलमार्ग साधला आहे. एका नदीच्या खोऱ्यातून दुसरीच्या खोऱ्यात जाण्यासाठी मधला उंचवटा ओलांडावा लागतो, आणि पाणी तर चढ चढत नाही. म्हणून लॉक बांधले, म्हणजे दोन्ही बाजूंस दरवाजे असलेल्या दगडी कोठ्या. पडाव आत घेऊन दरवाजा लावायचा, पाणी भरायचे, पडाव दोन-तीन मीटर वर उचलला जातो; मग पुढचा दरवाजा उघडायचा. संपूर्ण कालव्यावर असे दोनशेहून अधिक लॉक आहेत. रोआं आणि पाँतिव्ही या गावांमध्ये तर पंचवीसेक किलोमीटरांत पन्नासाहून अधिक येतात, जणू पाण्याचा जिना. या माथ्यावर पाणी पुरावे म्हणून दूरच्या तलावातून एक पाट आणला आहे. सरळ रेषेत वीसेक किलोमीटरांचे ते अंतर. पण उतार अगदी मंद राखण्यासाठी पाट टेकड्यांच्या अंगाने वळत वळत साठ किलोमीटरांहून अधिक फिरतो.

पडाव ओढायला घोडे असत आणि कधी कधी माणसेही. मालाने भरलेला पडाव ओढणाऱ्या जनावराला चढ चालत नाही. म्हणून काठची वाट पाण्याइतकीच सपाट ठेवावी लागे. चढ केवळ लॉकपाशी, तोही चार पावलांचा. ग्लोमेल हा साऱ्या मार्गाचा सर्वोच्च माथा, तरी तो समुद्रसपाटीपासून १८४ मीटरच उंच आहे. आठ वर्षांची नात आणि साठीचे आजोबा आज एकाच वेगाने या वाटेने जाऊ शकतात, याचे श्रेय दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या घोड्यांना द्यावे लागते.

व्यापार म्हणून मात्र हा कालवा फसला. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने १८५८ मध्ये थाटात त्याचे उद्घाटन केले आणि सातच वर्षांनी, १८६५ मध्ये, पॅरिसची आगगाडी ब्रेस्तला पोहोचली. जो माल पडावाने कित्येक दिवसांनी येई, तो आता झपाट्याने येऊ लागला. पुढे १८७९ मध्ये फ्रान्सने प्रमुख कालव्यांसाठी एकच माप ठरविले, सुमारे ३९ मीटर लांबीचे लॉक. ब्रिटनीचे लॉक सव्वीसेक मीटरांचेच होते. देशातील नव्या मापाचे मोठे पडाव येथे शिरू शकत नव्हते, आणि येथील लहान पडाव बाहेरच्या स्पर्धेत टिकत नव्हते. मापात न बसणाऱ्या मालाची बाजारात काय गत होते, हे दुकानदारी करणाऱ्या वाचकांना सांगावयास नको. तरीही छपराचे स्लेट, शेतीचा चुना, लाकूड आणि धान्य यांची स्थानिक ने-आण विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालली होती.

शेवटचा घाव विजेने घातला. ब्लाव्हे नदीवर गेर्लेदां येथे १९३० मध्ये धरण पूर्ण झाले आणि कालव्याचे सतरा लॉक जलाशयाच्या तळाशी गेले. जलमार्ग मधोमध तुटला. १९५७ मध्ये सरकारने त्याचे नाव नौकानयनाच्या मार्गांतून काढून टाकले. २०१५ मध्ये दुरुस्तीसाठी जलाशय रिकामा केला तेव्हा चिखलातून लॉकच्या भिंती आणि जुन्या झाडांचे बुंधे वर आले, आणि ते पाहण्यास लोकांची रीघ लागली.

हिशेबाच्या वहीत ही सारी रक्कम बुडीत खात्यात लिहावी अशीच होती. पण एक गोष्ट टिकली. कालव्याचा काठ सार्वजनिक मालकीचा राहिला. त्याचे तुकडे पाडून शेजारच्या शेतकऱ्यांना विकले गेले नाहीत. पाणी साचले, दरवाजे कुजले, काटेरी झुडपे माजली, तरी जलाशयाखालचा भाग सोडला तर एक सलग पट्टा उरला. पुढे गावोगावच्या हौशी मंडळींनी झुडपे तोडून, लॉकची डागडुजी करून तो उघडला. युरोपच्या दीर्घ सायकलमार्गांपैकी पहिला, म्हणजे नॉर्वेकडून अटलांटिकच्या काठाने पोर्तुगालकडे जाणारा, कारे गावापासून नांतपर्यंत याच वाटेने जातो. रॉस्कॉफ बंदरापासून स्पेनच्या सीमेपर्यंतचा त्याचा फ्रेंच भाग ‘व्हेलोदिसे’ या नावाने २०१२ मध्ये खुला झाला.

ज्या रेल्वेने कालव्याचा धंदा नेला, तिच्याही अनेक शाखा पुढे मोटारींपुढे टिकल्या नाहीत. गेर्लेदां जलाशयापाशी घोड्यांची वाट पाण्यात बुडाल्यामुळे सायकलस्वार अशाच एका बंद मीटर गेज मार्गाच्या पट्ट्यावरून वळसा घेतात. पूर्व फ्रान्समधील बरगंडीत जिव्री ते क्लुनी या जुन्या लोहमार्गावर १९९७ मध्ये देशातील पहिला ‘हरित मार्ग’ सुरू झाला. २००४ मध्ये वाहतूक कायद्यात अशा मार्गांची व्याख्या आली आणि त्यांवर मोटारींना मज्जाव झाला. त्याच मार्गावर क्लुनीच्या पुढे दीड किलोमीटरांहून लांब असा एक बोगदा आहे. हिवाळ्यात तो बंद असतो, कारण तेथे वटवाघळे शीतनिद्रा घेतात. सायकलस्वारांनी तेवढे महिने डोंगरावरून चढून जावे, अशी व्यवस्था आहे. आणि लोक तसे जातातही.

ब्रिटनीच्या वाटेकडे पुन्हा वळावे. तिचा पृष्ठभाग डांबरी नाही. बारीक खडी आणि वाळू पसरून रोलरने दाबलेली, आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्यासारखी. डांबर घालावे की नाही, हा अशा सर्व वाटांवर वादाचा विषय असतो. डांबराने चाक सुसाट पळते, पावसात चिखल होत नाही, चाकांच्या खुर्चीतील व्यक्तीलाही सोयीचे पडते. खडीवर वेग आपोआप कमी राहतो, पाणी जमिनीत मुरते, पायी चालणारे आणि गळ टाकून बसलेले धास्तावत नाहीत. येथे तूर्त खडीचे पारडे जड आहे. म्हणून शर्यतीची अरुंद टायर येथे निरुपयोगी. ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीची टायर असावीत. हिवाळ्यात व सततच्या पावसात काही भाग चिखलाचे होतात. मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम.

वारा बहुतेक पश्चिमेचा असतो. म्हणून शातोलँ येथून निघून नांतकडे येणे शहाणपणाचे. दिवसाला पंचेचाळीस किलोमीटर धरले तर आठ दिवस लागतात. सवड नसेल त्यांनी जोसलँच्या आसपासचे दोन-तीन दिवस निवडावे, कारण तेथे रोआं घराण्याचा किल्ला थेट पाण्यातून उभा राहतो. शातोलँ, रदों, नांत ही रेल्वेस्थानके वाटेपासून फार दूर नाहीत. बारा वर्षांखालील मुलांना सायकलवर हेल्मेट सक्तीचे आहे. कालव्याच्या कडेला कठडा नसतो, हे लहान मुलांच्या पालकांनी विशेष लक्षात ठेवावे.

शाकाहारी कुटुंबाला जेवणाची चिंता वाटणे साहजिक आहे. ब्रिटनीचा पदार्थ म्हणजे कुट्टूच्या पिठाचा पातळ घावन, गालेत. पीठ, पाणी, मीठ इतकेच मूळ साहित्य. पण काही स्वयंपाकघरांत त्यात अंडे घालतात, आणि जुन्या पद्धतीत तवा डुकराच्या चरबीने पुसतात. तेव्हा मागविण्यापूर्वी दोन्ही गोष्टी विचारून घ्याव्या आणि लोण्यावर भाजून मागावा. गव्हाचा गोड क्रेप अंड्याशिवाय सहसा होत नाही. चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते. भरवशाची वस्तू म्हणजे ‘परंपरागत’ असे लिहिलेला पाव. १९९३ च्या हुकमानुसार त्यात पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण यांपलीकडे फारसे काही घालता येत नाही. जोडीला बाजारातील फळे आणि टोमॅटो घेतले की नदीकाठी जेवण होते. खेड्यांतील दुकाने दुपारी बंद असतात, रविवारी दुपारनंतर आणि पुष्कळ ठिकाणी सोमवारीही. शिदोरी शनिवारीच भरून ठेवावी. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांसाठी जूनमधील ब्रिटनी फार उदार आहे. तेथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो.

पुष्कळ लॉकपाशी एक लहानसे दगडी घर आहे. तेथे लॉकचा रखवालदार कुटुंबासह राही; दरवाजे फिरविण्याचे काम पुष्कळदा घरातील स्त्रीच पाही. पडाव थांबल्यावर ही घरे ओस पडली. आता ब्रिटनीचे प्रांतिक शासन ती दुरुस्त करून अटींवर भाड्याने देते, आणि त्यांत कोठे चहा-कॉफीचे दुकान, कोठे मुक्कामाच्या खोल्या, तर कोठे सायकलदुरुस्ती चालते. मुक्कामाच्या जागांसाठी देशभर ‘आकेय व्हेलो’ नावाची खूण आहे. ती लावणारे घर मार्गापासून पाच किलोमीटरांच्या आत असावे लागते. सायकलींना सुरक्षित जागा, दुरुस्तीची हत्यारे आणि पोटभर न्याहारी द्यावी लागते. तरुण मंडळी शहराकडे गेलेल्या, शाळा-दुकाने कमी होत चाललेल्या या मध्य ब्रिटनीत एका बेकरीला उन्हाळ्यातील पन्नास सायकलस्वारांनी घेतलेले पाव म्हणजे दुकान चालू राहणे की बंद पडणे, एवढा फरक ठरू शकतो. अर्थात हंगाम चार-पाच महिन्यांचा. नोव्हेंबरात वाट रिकामी असते, आणि त्या घरांपैकी काहींना आजही भाडेकरू मिळत नाही.

पूर्वेला नॉर-सुर-एर्द्र गावापाशी कालवा संपून एर्द्र नदी लागते. तेथे पात्र सरोवरासारखे रुंद होते, घोड्यांची वाट सरते, आणि नांतपर्यंतचे उरलेले अंतर लहान डांबरी रस्त्यांनी कापावे लागते. आठ दिवस कानांवर न आलेला मोटारीचा आवाज तेथे पहिल्यांदा मागून येतो, आणि आई मुलांना हाक मारून कडेला घेते.