रस्त्याच्या कडेने टिपलेला मुलूख : जुन्नर-आंबेगावच्या छायाचित्रणाचा मागोवा

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची जी दृश्यनोंद गेल्या दोन शतकांत साठत गेली, ती क्रमाने तपासली असता एक गोष्ट वारंवार नजरेस येते, आणि ती अशी की, या मुलखातले काय टिपायचे हे छायाचित्रकाराच्या आवडीनिवडीपेक्षा रस्त्यानेच अधिक ठरवले. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून कुकडी, मीना आणि घोड या नद्या पूर्वेकडे उतरतात, त्यांच्या खोऱ्यांना जुन्या कागदपत्रांत ‘नेर’ म्हटले आहे, आणि पुणे-नाशिक महामार्ग ही खोरी त्यांच्या पूर्वेकडच्या, सपाट व बागायती भागात ओलांडतो. त्यामुळे नारायणगाव आणि मंचर ही गावे प्रवासाची प्रवेशद्वारे बनली आणि पश्चिमेचा डोंगराळ आदिवासी पट्टा ‘दुर्गम’ या सदरात जाऊन पडला.

ही दुर्गमता मात्र अलीकडची आहे. सातवाहनांच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, कोकणातल्या कल्याण आणि सोपारा या बंदरांकडून देशावर चढणारा हमरस्ता नाणेघाटातूनच जुन्नरला येत होता. घाटमाथ्यावर कोरलेल्या लेण्याच्या दोन बाजूंच्या भिंतींवर नागनिका राणीचा यज्ञ आणि दाने यांची नोंद करणारा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी आदी राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या, त्यांपैकी आज वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या खुणा एवढेच उरले आहे. घाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणाला लोक जकातीचा रांजण म्हणतात. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक शैलगृहे खोदली गेली, तीही याच मार्गावरच्या व्यापाऱ्यांच्या, कारागिरांच्या श्रेणींच्या, अधिकाऱ्यांच्या आणि ‘यवन’ म्हणवणाऱ्या परदेशी दात्यांच्या देणग्यांतून. म्हणजे ज्या पट्ट्याकडे आजचा प्रवासी मुख्य रस्ता सोडून मुद्दाम वळतो, तोच एके काळी मुख्य रस्ता होता, आणि ही उलटापालट ध्यानात घेतल्याशिवाय इथल्या छायाचित्रांचा इतिहास नीट उलगडत नाही.

कॅमेऱ्याच्या आधी हाताने काढलेली नक्कल आली. मुंबई सरकारच्या वतीने सांख्यिकीय पाहणी करणारे कर्नल विल्यम साइक्स यांनी १८२८ मध्ये नाणेघाटाचा लेख पाहिला, आणि जुन्नर परिसरातील लेखांच्या त्यांनी केलेल्या नकला १८३७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापल्या गेल्या. याच सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. याचा अर्थ, अक्षरे वाचता येण्यापूर्वीच ती चित्र म्हणून उतरवली गेली होती, आणि नक्कल करणाऱ्याला रेघ कोणती व दगडाची भेग कोणती हे केवळ डोळ्यांच्या अंदाजाने ठरवावे लागत होते.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन विद्यालयात या कलेचा वर्ग सुरू झाला. त्या काळची पद्धत ‘ओल्या काचेची’ होती : काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरून, ती चांदीच्या क्षारात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी जागेवरच धुवायची, यासाठी अवघी दहापंधरा मिनिटे मिळत. अशा छायाचित्रकाराबरोबर काळा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि भरपूर पाणी असावे लागे. कार्ल्याच्या लेण्यांसारखे मुंबई-पुणे मार्गालगतचे ठिकाण त्याच्या आवाक्यात होते, नाणेघाटाचा माथा किंवा जीवधन किल्ल्याचा कडा तितकासा नव्हता. शिवाय लेणे हे अंधाराचे स्थापत्य आहे. दर्शनी भाग उन्हात झगमगतो आणि आतला चैत्य, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, काचेवर काळा डाग होऊन उमटतो, त्यामुळे सर्वेक्षकांनी आतल्या भागासाठी मापे घेऊन काढलेल्या नकाशांवर आणि छेदचित्रांवर भर दिला, हे स्वाभाविकच होते.

शिलालेखांच्या बाबतीत कॅमेऱ्यापेक्षा ‘ठसा’ अधिक भरवशाचा ठरला. ओला कागद लेखावर चिकटवून ब्रशने ठोकल्यावर खोदलेली अक्षरे कागदात उतरतात. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी देशभर हिंडून लेखांच्या नकला मिळवणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाणेघाटाच्या वाचनात मोलाची भर घातली, आणि पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख जेम्स बर्जेस यांच्या १८८३ मधील खंडांत जुन्नरची लेणी व नाणेघाटाचा लेख सविस्तर आले. लेखाचे संपादन गेऑर्ग ब्यूलर यांनी केले होते. या खंडांतील चित्रफलक आजही उपयोगी पडतात, कारण झिजत चाललेल्या अक्षरांची गेल्या शतकाआधीची स्थिती ताडून पाहायला त्यांच्याइतका जुना आधार क्वचितच मिळतो. त्यांत माणसे मात्र जवळजवळ नाहीत, असलीच तर मोजपट्टीसारखी उभी केलेली. पूजेत असलेल्या लेण्याद्रीच्या सातव्या लेण्याकडे, म्हणजे गिरिजात्मज गणपतीच्या स्थानाकडेही, सर्वेक्षकाने विहार, म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान, म्हणूनच पाहिले.

माणसांची ही उणीव भरून काढण्याची दिशा दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दाखवली. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कोसंबींनी पायी हिंडून लेणी, घाटवाटा, सूक्ष्मास्त्रे, म्हणजे अश्मयुगातील बारीक दगडी पाती, आणि ग्रामदेवता यांची सांगड घातली; जुन्नरच्या मानमोडी डोंगराचे आजचे नाव तिथल्या लेखातील ‘मानमुकुड’ या प्राचीन नावाशी जुळते, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. त्यांच्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथानंतर विद्या दहेजिया (१९७२) आणि एस. नागराजू (१९८१) यांच्या पुस्तकांनी जुन्नरच्या लेण्यांना शैलीनुसार कालक्रम दिला. तुळजा लेण्यातील बारा खांबांचा गोल चैत्य या अभ्यासातूनच कलेच्या इतिहासात ठळक झाला, तोवर त्याच्याकडे एक विक्षिप्त अपवाद म्हणूनच पाहिले जाई.

याच काळात भूप्रदेशाचा चेहराच बदलला. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांनी दोन्ही तालुक्यांत पाण्याचे विस्तीर्ण पट्टे निर्माण केले, आणि आज जुन्नरचे म्हणून जे दृश्य सर्वत्र छापले जाते, म्हणजे चावंड किल्ल्याच्या पायथ्याशी पसरलेले निळे पाणी किंवा माळशेज घाटाच्या वाटेवरचे रोहित पक्षी, ते बर्जेसच्या काळी अस्तित्वातच नव्हते. निसर्गचित्र म्हणून विकले जाणारे हे दृश्य पाटबंधारे खात्याने घडवले आहे, हे पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी द्राक्षबागांमागच्या क्षितिजालाही असेच नवे रूप दिले.

आंबेगावच्या वाट्याला या धरणांची दुसरी बाजू आली. तालुक्याला ज्या गावाने नाव दिले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले, त्या जलाशयाला याच तालुक्यातील महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले गेले, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. मंचर, घोडेगाव, डिंभे, तळेघर असा रस्ता भीमाशंकरकडे जातो, म्हणून त्या रस्त्यालगतची चित्रे विपुल आहेत. त्यापासून बाजूला असलेल्या आहुप्यासारख्या घाटमाथ्यावरच्या महादेव कोळी वस्त्या, तिथल्या देवराया आणि हिरडा गोळा करणारी माणसे यांची नोंद त्या मानाने अगदी तुटपुंजी आहे. माळीणचे नाव जगभरच्या वृत्तछायाचित्रांत आले ते ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून गाव गाडले गेल्यावर, आणि त्या दुर्घटनेत सुमारे दीडशे माणसे गेली. उपग्रहाच्या आधीच्या व नंतरच्या प्रतिमा शेजारी ठेवून डोंगराचा कोणता भाग सुटला हे दाखवता आले, परंतु घरे, अंगणे आणि भातखाचरे कशी होती हे सांगायला उपग्रह पुरेसा नव्हता.

मोटार आणि डिजिटल कॅमेरा आल्यावर चित्रांची संख्या बेसुमार वाढली. २०१० मधील ‘महाराष्ट्र देशा’ या उद्धव ठाकरे यांच्या पुस्तकाने गड आकाशातून दाखवले, जुलै २०१८ मध्ये पुरातत्त्व खात्याने मोजके अपवाद वगळता संरक्षित स्मारकांवर छायाचित्रणाची मुभा दिली, आणि त्याच वर्षी जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झाला. या वाढीने विविधता मात्र फारशी आणली नाही. आपटाळ्यावरून घाटघरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावरून दिसणारा एकच कडा पुन:पुन्हा टिपला जातो, आणि मानमोडीच्या भूत लेण्यावरील लक्ष्मीच्या शिल्पापर्यंत चढण्याचे कष्ट थोडेच घेतात.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले त्यांत शिवनेरी आहे. जुन्नरचेच चावंड, हडसर आणि जीवधन हे किल्ले मात्र नाहीत. मराठ्यांविरुद्धच्या १८१८ च्या मोहिमेत इंग्रजांनी चावंड आणि जीवधनच्या पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या, आणि ती तुटलेली पायरी प्रत्येक भटक्याच्या छायाचित्रात असते, पण तिची मापासह, ठरावीक कोनातून आणि वर्षागणिक नोंद ठेवण्याचे काम अद्याप बाकी आहे. नाणेघाटाच्या भिंतीवरील अक्षरांबाबतही, तिरप्या प्रकाशात तीच चौकट दरवर्षी घेऊन १८८३ च्या फलकांशी ताडून पाहिली, तर कोणत्या ओळी अधिक वेगाने झिजत आहेत ते कळू शकेल.