लोपाची खूण, मालकीचे चिन्ह

इंग्रजीत मालकी दाखवताना नामापुढे ‘एस’ येतो आणि त्याच्याजवळ, ओळीच्या वर, स्वल्पविरामासारखे एक चिन्ह. हेच अपॉस्ट्रॉफी. शाळेत आपण त्याला षष्ठीचा प्रत्यय समजून पाठ केले. मला मात्र वाटते की, ते मुळात मालकीचे चिन्ह नव्हेच. ती एका गळालेल्या स्वराची खूण आहे.

जुन्या इंग्रजीत ‘क्युनिंग’ म्हणजे राजा आणि ‘क्युनिंगेस’ म्हणजे राजाचा. कालांतराने या प्रत्ययातला ‘ए’ बहुतेक शब्दांच्या उच्चारातून गेला. सोळाव्या शतकात फ्रेंचच्या वळणावर हे चिन्ह इंग्रजीत आले, ते असा लोप दाखवायला. ‘सोऽहम्’मधला अवग्रह करतो तेच काम.

मधल्या काळात एक समजूत पसरली, की हा ‘एस’ म्हणजे ‘हिज’चे संक्षिप्त रूप. लोक ‘राजा त्याचा मुकुट’ अशा थाटात लिहीतही. पण मग राणीच्या मुकुटाचे काय? स्त्रीलिंगी नामांनाही तोच ‘एस’ लागतो, हे दाखवून सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशातील व्याकरणात ही व्युत्पत्ती नाकारली.

१६२३मध्ये छापलेल्या शेक्सपिअरच्या नाट्यसंग्रहात मालकीदर्शक अपॉस्ट्रॉफी तुरळकच आढळते. एकवचनात ‘एस’च्या आधी आणि ‘एस’ने संपणाऱ्या अनेकवचनात त्यानंतर, हा आजचा नियम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळू लागला. त्याची गरज खरी आहे. अनेक मुलगे, एका मुलाचे, अनेक मुलांचे या तिन्हींसाठी कानाला ‘बॉइज’ एवढेच ऐकू येते. फरक कळतो तो डोळ्यांना. पुरुषवाचक सर्वनामांना मात्र हे चिन्ह लागत नाही. ‘त्याचे’ या अर्थाचे ‘इट्स’ चिन्हाविना. चिन्ह दिले की ते ‘इट इज’ होते. म्हणजे तिथे पुन्हा लोपच!

इंग्रजांचेही यावर एकमत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशावर ‘अर्ल्स कोर्ट’ला हे चिन्ह आहे, जवळच्याच ‘बॅरन्स कोर्ट’ला नाही.

आपली षष्ठी ऐकू येते: रामाचा घोडा, रामाची गाय, रामाचे घर. चा-ची-चे मालकाकडे नव्हे, वस्तूकडे बघून बदलतात. इंग्रजीने लिंगवचनाचा हा मेळ केव्हाच सोडला. एकाची मालकी की अनेकांची, हे सांगायचे काम तिने एका टिंबाएवढ्या शेपटीवर सोपवले. म्हणूनच ती शेपटी जपून लिहावी; पण ती चुकली म्हणून कुणाची अक्कल काढू नये.