गॉगल रुततोय? माप बघा!

शेतात, बाजारात, गाडीवर आपण दिवसभर उन्हात असतो. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे मोतीबिंदूचा धोका वाढतो. तरी गॉगल कपाटातच राहतो. का? “अगं, कानशिलं दुखतात, माझा चेहराच मोठा!” बाई, दोष चेहऱ्याचा नाही, मापाचा आहे.

गॉगलच्या काडीची आतली बाजू बघा. ५८-१६-१४५ असे आकडे दिसतील. पहिला आकडा काचेच्या रुंदीचा, दुसरा नाकावरच्या अंतराचा, तिसरा काडीच्या लांबीचा, सगळे मिलिमीटरमध्ये. चेहरा रुंद असेल तर ५८ किंवा त्याहून मोठी काच आणि १४५-१५० ची काडी मागा.

दुकानात घालून मोकळं हसा. गॉगल गालाला टेकून वर उचलला गेला, तर नको. खाली वाका. घसरला, तर नको. काड्या कानाकडे जाताना बाहेर फाकल्या, तर तो अरुंद आहे.

आणि नुसत्या काळ्या काचेला भुलू नका. गडद काचेमागे बाहुली मोठी होते. काच किरण अडवणारी नसेल तर ते जास्तच आत शिरतात. म्हणून ‘यूव्ही ४००’ असेल तोच घ्या.

आज घरी गेल्यावर आपल्या गॉगलवरचे आकडे वाचाच!