साष्टीचे ईस्ट इंडियन आणि लोकसंख्येतील प्रमाणाचा प्रश्न

सांताक्रूझ या नावाचा अर्थ ‘पवित्र क्रूस’ असा आहे. मुंबईच्या उपनगरास हे नाव पोर्तुगीज भाषेतून मिळाले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातही याच नावाचे एक शहर असून तेथे ते स्पॅनिश भाषेतून आले; १७९१ साली स्थापन झालेल्या एका मिशनवरून ते रूढ झाले. दोन्ही ठिकाणी आज विद्यापीठाचा परिसर आहे, आणि दोन्ही ठिकाणी आयबेरियन सत्तेचा व कॅथलिक धर्माचा वारसा सांगणारा एक समाज राहतो. परंतु कॅलिफोर्नियातील सांताक्रूझमध्ये त्या समाजाचे प्रमाण किती, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर दशांश चिन्हापर्यंत देता येते. आपल्या सांताक्रूझमधील ईस्ट इंडियन समाजाचे प्रमाण किती, या प्रश्नाला जनगणनेच्या एकाही तक्त्यात उत्तर नाही. हा भेद कशामुळे निर्माण झाला आणि त्याचे परिणाम काय, याचे विवरण करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम अमेरिकेतील आकडे पाहू. २०१० च्या तेथील जनगणनेनुसार कॅलिफोर्निया राज्याच्या लोकसंख्येत हिस्पॅनिक अथवा लॅटिनो म्हणविणाऱ्यांचे प्रमाण ३७.६ टक्के होते. सांताक्रूझ शहरात ते १९.४ टक्के होते. मात्र त्याच परगण्यातील वॉटसनव्हिल या शहरात ते ८१.४ टक्के भरले. एकाच परगण्यातील या दोन शहरांत एवढे अंतर का पडावे? वॉटसनव्हिलच्या आसपास स्ट्रॉबेरी व भाजीपाल्याची विस्तीर्ण शेती असून तीवर राबणारा मजूरवर्ग पिढ्यान्‌पिढ्या मेक्सिकोतून येत राहिला. सांताक्रूझ हे समुद्रकाठचे विहारस्थान आणि १९६५ पासून विद्यापीठाचे गाव. लोक कोठे वसतात हे रोजगारावर आणि घरभाड्यावर ठरते. त्यामुळे राज्याची सरासरी ही कोणत्याच एका शहराची स्थिती नसते, ही गोष्ट अशा अभ्यासात सदैव ध्यानी ठेवावी लागते.

हाच नियम महाराष्ट्रास लावून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या ११ कोटी २४ लाख लोकसंख्येत ख्रिस्ती धर्मीयांची संख्या १० लाख ८० हजार, म्हणजे ०.९६ टक्के होती. नागपूर शहरात हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आत, तर बृहन्मुंबईत ३.२७ टक्के होते. बृहन्मुंबईची लोकसंख्या त्या वेळी १ कोटी २४ लाख होती. तेव्हा शहरातील ख्रिस्ती लोकांची संख्या चार लाखांहून थोडी अधिक भरते. याचा अर्थ असा की, राज्याच्या लोकसंख्येपैकी सुमारे ११ टक्के लोक मुंबईत राहतात, पण राज्यातील ख्रिस्ती लोकांपैकी जवळजवळ ३८ टक्के मुंबईत राहतात. मुंबई वगळली तर उर्वरित महाराष्ट्रातील त्यांचे प्रमाण ०.६७ टक्क्यावर येते.

येथपर्यंत गणित सरळ आहे. अडचण येते ती पुढे. मुंबईतील या चार लाखांत ईस्ट इंडियन किती? त्यांत गोव्याचे व मंगळूरचे कोकणीभाषक कॅथलिक आहेत, केरळचे व तमिळनाडूचे ख्रिस्ती आहेत, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेले मराठी प्रॉटेस्टंटही आहेत. ‘ख्रिस्ती’ हा एकच रकाना या सर्वांना पुरतो.

ईस्ट इंडियन म्हणजे कोण, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई व तिच्या अंमलाखालील मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. त्यानंतरच्या काळात फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मगुरूंच्या प्रयत्नाने वसई, साष्टी आणि मुंबई येथील कुणबी, कोळी, वाडवळ, सामवेदी इत्यादी समाजांतील अनेक कुटुंबे कॅथलिक झाली. विद्यापीठाचा परिसर ज्या कलिना भागात आहे, तेथील चर्च १६०६ साली स्थापन झालेले आहे. कलिना हे नावही कोलेकल्याण या जुन्या गावाच्या नावाचेच बदललेले रूप. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, १७७४ साली साष्टी इंग्रजांच्या हाती गेली. राज्ये बदलली, परंतु ही कुटुंबे आपापल्या गावठाणांतच राहिली. त्यांनी पोर्तुगीज आडनावे घेतली, तरी घरातील बोली मराठीच ठेवली, आणि लग्नातील उंबराच्या पाण्याचा विधीही सोडला नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत नोकऱ्या वाढल्या. गोव्याहून व मंगळूरहून येणारे कॅथलिक त्याच आडनावांचे असल्याने सरकारदरबारी स्थानिक व आगंतुक यांत फरक होईना. इंग्रज तर स्थानिकांनाही ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ म्हणत. म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ या संस्थेची स्थापना झाली आणि समाजाने हे नाव जाणूनबुजून धारण केले. नावाचा हेतूच मुळी वेगळे मोजले जाण्याचा होता. तो हेतू जनगणनेत मात्र साध्य झाला नाही.

अमेरिकेसही आपला हिस्पॅनिक समाज मोजण्याची रीत एकदम सापडली नाही. तेथे एकामागून एक चार कसोट्या वापरण्यात आल्या. त्या आपल्या प्रश्नास लावून पाहिल्या असता बराच प्रकाश पडतो.

पहिली कसोटी वंशाची. १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा एक वंश मानला गेला आणि सुमारे १४ लाख लोक त्यात नोंदले गेले. यास मेक्सिकोच्या सरकारने हरकत घेतली व १९४० मध्ये तो वर्ग काढून टाकण्यात आला. आपल्याकडे वंशाच्या जागी जात येते. पण ईस्ट इंडियन ही एक जात नव्हे. मूळच्या अनेक जातींच्या एकत्र येण्याने झालेला तो समाज आहे. शिवाय १९५१ पासून अनुसूचित जाती व जमाती यांखेरीज इतर जातींची गणना जनगणनेत होईनाशी झाली.

दुसरी कसोटी मातृभाषेची. १९४० साली अमेरिकेने स्पॅनिश मातृभाषेच्या लोकांचा अंदाज काढला. आपल्या जनगणनेत मातृभाषा म्हणजे व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलत असे ती, अशी व्याख्या आहे. या व्याख्येने ईस्ट इंडियन माणूस ‘मराठी’ या रकान्यात जातो आणि कोट्यवधींत मिसळून जातो. धर्माचे व मातृभाषेचे मुख्य तक्ते स्वतंत्र प्रसिद्ध होत असल्याने मराठीभाषक ख्रिस्ती किती, हे त्यांवरून काढता येत नाही. आणि काढता आले तरी त्यांत अहिल्यानगरचे मराठी ख्रिस्ती येतीलच. समाजाच्या बोलीस निराळे नाव देऊन ती नोंदविली तरी, देशभरात दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या मातृभाषांचे आकडे स्वतंत्र छापले जात नाहीत.

भाषेच्या कसोटीत आणखी एक दोष आहे: ती एका पिढीत बदलू शकते. २०११ मध्ये इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे भारतात सुमारे २ लाख ६० हजार लोक होते, आणि त्यांपैकी एक लाखाहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होते. वांद्रे-सांताक्रूझच्या बाजूस आजीने मराठी सांगावी आणि नातीने इंग्रजी, असे एकाच घरात घडू शकते. तक्त्यात मराठीचा आकडा एकाने घटला, इंग्रजीचा एकाने वाढला. समाज मात्र होता तेवढाच राहिला. अमेरिकेतही घरी स्पॅनिश बोलणारे पाच वर्षांवरील लोक २०१९ साली सुमारे ४ कोटी २० लाख होते, तर २०२० च्या जनगणनेतील हिस्पॅनिकांची संख्या ६ कोटी २० लाखांवर होती. भाषा हीच ओळख धरली असती तर कित्येक लाख माणसे हिशेबातून गळाली असती.

तिसरी कसोटी आडनावाची. १९५० व १९६० साली नैऋत्येकडील पाच राज्यांत स्पॅनिश आडनावांच्या याद्या करून लोक मोजण्यात आले. ही रीत आपल्याकडे तर सर्वांत निरुपयोगी ठरेल. परेरा, डिसोझा, फर्नांडिस ही आडनावे वसईत आहेत, मडगावात आहेत व मंगळुरातही आहेत. ज्या सारखेपणातून सुटण्यासाठी १८८७ साली नवे नाव घेतले, त्याच सारखेपणात ही कसोटी समाजास परत लोटील.

चौथी कसोटी स्वतः सांगितलेल्या मूळाची. १९७० मध्ये अमेरिकेने पाच टक्के नमुन्यापुरता ‘आपण स्पॅनिश मूळाचे आहात काय’ असा प्रश्न विचारला. उत्तरांच्या यादीत ‘मध्य किंवा दक्षिण अमेरिका’ हा पर्याय होता. तेव्हा संयुक्त संस्थानांच्याच मध्य व दक्षिण भागांत राहणाऱ्या अनेकांनी तो आपल्यास लागू समजून खूण केली. अनुभवाने शब्दरचना सुधारण्यात आली आणि १९८० पासून हा प्रश्न सर्वांना विचारला जाऊ लागला. या कसोटीत वंश, भाषा व आडनाव यांपैकी कशाचीही अट नाही. माणूस स्वतःस जे म्हणवितो ते प्रमाण. सीमारेषा तरीही राहतेच: पोर्तुगीज वारशाचे ब्राझीलचे लोक सामान्यतः हिस्पॅनिकांत धरले जात नाहीत. वंशाचा प्रश्न वेगळा ठेवल्यानेही गोंधळ झाला. २०१० साली हिस्पॅनिकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांनी वंशाच्या रकान्यात ‘इतर’ असे उत्तर दिले. शेवटी २०२४ साली वंश व मूळ यांचा एकच संयुक्त प्रश्न करण्याचे तेथे ठरले.

या इतिहासाचे तात्पर्य असे की, लोकसंख्येतील प्रमाण ही नदीच्या रुंदीसारखी आयती मोजता येणारी वस्तू नव्हे. विचारलेला प्रश्न, दिलेले उत्तर आणि कचेरीत केलेले वर्गीकरण या तिन्हींच्या संयोगातून ते निष्पन्न होते. प्रश्न नसेल तर समाज असूनही त्याचे प्रमाण नसते.

हा विषय केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. २०२५ साली भारत सरकारने पुढील जनगणनेत जातींचीही गणना करण्याचे ठरवून १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ-तारीख जाहीर केली. जातीचा हा प्रश्न साष्टीतील एखाद्या ख्रिस्ती कुटुंबापुढे येईल तेव्हा त्याने उत्तर काय द्यावे? एक भाऊ ‘ईस्ट इंडियन’ सांगेल, दुसरा ‘कोळी’, तिसरा ‘ख्रिस्ती कुणबी’, आणि चौथा ‘आम्हांत जात नाही’ असे म्हणेल. चारही उत्तरे प्रामाणिक आहेत. परंतु तक्त्यात त्यांचे चार समाज होतील, आणि त्यांपैकी एकही पुरेसा मोठा दिसणार नाही. ही भीती काल्पनिक नाही. १९३१ च्या जनगणनेत देशात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातिनिहाय पाहणीत, उत्तरे जशीच्या तशी उतरून घेतल्यामुळे, ही संख्या ४६ लाखांवर गेली आणि ती सामग्री वापरण्याजोगी उरली नाही. एकाच नावाची वेगवेगळी लेखने, पोटजाती आणि आडनावे यांची सरमिसळ त्यात झाली होती.

म्हणून गणनेपूर्वी नावांची नीट सूची करणे हे अभ्यासकाचे काम आहे. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव मराठीत व इंग्रजीत किती प्रकारे लिहिले जाते, कोणती पोटनावे त्याखाली यावीत आणि कोणती येऊ नयेत, याचा विचार प्रथम गावठाणांतील वडीलधाऱ्या मंडळींशी बोलून केला पाहिजे. कारण वसईचा सामवेदी ख्रिस्ती आपणांस ईस्ट इंडियन म्हणवील किंवा म्हणविणार नाही, हे आपण बाहेरून ठरविणे योग्य नव्हे. याखेरीज ताडा घेण्यासाठी दोन साधने हाताशी आहेत. एक म्हणजे चर्चमधील बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या. त्यांवरून कुटुंब त्याच गावचे की बाहेरून आलेले, हे पिढ्या मागे जाऊन पाहता येते. दुसरे म्हणजे गावठाणाचे भूमापन-अभिलेख. त्यांत जमिनीसोबत धारकांची नावेही असतात. ही दोन्ही साधने समाजाची एकूण संख्या सांगणार नाहीत, परंतु जनगणनेचा आकडा विश्वसनीय आहे की नाही, हे एखाद्या गावापुरते तपासून पाहण्यास ती पुरेशी आहेत.

कोलेकल्याण हे अशा तपासणीस योग्य असे गाव आहे. त्याचे जुने चर्च उभे आहे, गावठाण इमारतींच्या दाटीत का होईना ओळखू येते, आणि अभ्यास करणारे विद्यापीठ त्याच गावच्या भूमीवर आहे. बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारांची संख्या २००१ मध्ये सुमारे ४५ लाख होती, ती २०११ मध्ये सुमारे ४४ लाखांवर आली, आणि त्याबद्दल पुष्कळ चर्चा झाली. त्या ४५ लाखांत आणि त्या ४४ लाखांतही ईस्ट इंडियन आहेत. पण ते वाढले, घटले की होते तेवढेच राहिले, याविषयी त्या आकड्यांवरून एक शब्दही बोलता येत नाही. जो समाज या बेटावर चार शतकांहून अधिक काळ मराठी बोलत आला, त्याच्याविषयी तरी ही स्थिती पुढील जनगणनेनंतर राहू नये.