एका खिडकीपाशी

तालुक्याच्या गावी फोटो काढवून घ्यायला आपण गेला असालच. फोटोवाला स्टुलावर बसवतो, हनुवटी जरा वर करायला सांगतो, आणि पैसे मोजून आपण फोटो घरी आणतो. फोटो कसा हवा हे गिऱ्हाइकानेच ठरवायचे. आता वर्षानुवर्षे असे काम केलेल्या माणसाला स्वतःच्या मनासारखा फोटो काढावासा वाटला तर?

प्राग शहरातले योसेफ सुदेक यांचे असेच झाले. जन्म १८९६ सालचा, मूळचे काम पुस्तकबांधणीचे. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर त्यांचा उजवा हात गेला. एका हाताने पुस्तके कशी बांधणार? तेव्हा ते फोटोग्राफी शिकले. पुढे एका अंगणातल्या लाकडी खोपटात स्टुडिओ थाटून एका प्रकाशनसंस्थेसाठी कपबशा, काचेची भांडी यांचे जाहिरातीचे फोटो ते काढू लागले. काम चोख, नावही झाले.

१९३९ साली जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. रस्त्यात कॅमेरा उघडणे जोखमीचे झाले. त्यातच १९४० साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, एक जुना फोटो त्यांच्या पाहण्यात आला. एका फ्रेंच चर्चमधल्या पुतळ्याचा. तो निगेटिव्हवरून मोठा केलेला नव्हता. निगेटिव्ह थेट कागदाला भिडवून छापलेला होता. म्हणजे कसे? दारावर कुंकवाचा हात उमटवतात ना, हात जेवढा तेवढाच ठसा, तसे. मध्ये दुसरे भिंग येत नाही, म्हणून बारीकसारीक काही हरवत नाही. दगडाचा खरखरीतपणासुद्धा त्यात दिसे.

सुदेक यांनी मनाशी ठरवले, यापुढे आपण असेच छापायचे. पण फोटो मोठा हवा तर कॅमेराही तेवढाच मोठा हवा! एका हाताच्या माणसाने ते लाकडी धूड तिवईवर चढवायचे, हात पुरला नाही की दातांची मदत घ्यायची. सोय सोडून हा खटाटोप कोणी करील का? धंद्याच्या हिशेबाने हे वेडच.

आणि फोटो कशाचे? स्टुडिओच्या खिडकीचे. काचेवर साचलेले दव, बाहेरचे वाकडे झाड, कट्ट्यावर पाण्याचा पेला. १९५४ पर्यंत ही एकच खिडकी ते पुन्हा पुन्हा टिपीत राहिले. बाहेरची कामे काही अगदीच सुटली नाहीत, पोट होतेच. पण आज जग त्यांना कपबशांसाठी ओळखत नाही.

ते १९७६ साली वारले. खोपट पुढे जळाले. नंतर त्याच जागी तसेच पुन्हा उभारले आहे.