न विचारलेला मंत्री

मुंबई–गोवा महामार्गावर नागोठणं मागे टाकून कोलाडकडे निघालं की वाटेत खांब लागतं. रोहा तालुक्यातल्या या गावाला मंत्री दिसतो तो बहुधा गाडीच्या काचेआड, कारण तळकोकणाकडे जाणारे ताफे याच रस्त्याने जातात. ताफा थांबलाच तर निवेदन पुढे होतं. त्यात रखडलेलं चौपदरीकरण असतं, कालव्याचं पाणी असतं. साहेब कागद घेतात, स्वीय सहायकाकडे देतात, ‘बघतो’ म्हणतात. मंत्री म्हणजे कामं करून देणारा माणूस, ही समजूत अशीच पक्की होत जाते.

समजूत खोटी नाही, पण अर्धी आहे. महामार्ग केंद्राचा, कालवा राज्याच्या जलसंपदा खात्याचा. म्हणजे एकाच निवेदनातल्या दोन ओळी दोन वेगवेगळ्या सरकारांकडे जातात. शिवाय खातं चालवणं हा मंत्र्याच्या कामाचा फक्त दिसणारा भाग. न दिसणारा भाग असा की तो मंत्रिमंडळाचा सदस्य असतो आणि शेजारच्या खात्याच्या निर्णयालाही तितकाच बांधलेला असतो. मंत्रिपरिषद, म्हणजे सगळे मंत्री मिळून, लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील, असं राज्यघटनेचा ७५वा अनुच्छेद सांगतो. राज्यांसाठी तेच १६४व्या अनुच्छेदात आहे. सरकार पडलं तर चांगलं काम केलेला मंत्रीही घरी जातो.

एवढी जबाबदारी घ्यायची तर आधी विचारलं गेलं पाहिजे. मंत्रालयातली सगळी कार्यपद्धती त्यासाठीच आहे. खातं मंत्रिमंडळ टिपणी तयार करतं, वित्त विभागाचा आणि गरजेप्रमाणे विधी व न्याय विभागाचा अभिप्राय घेतं, मग विषय बैठकीपुढे येतो. मतदान सहसा होत नाही. चर्चेचा सूर पाहून मुख्यमंत्री निर्णय सांगतात. आत हवं तेवढं भांडावं, बाहेर आल्यावर मात्र एकच बोलावं. ते जमणार नसेल तर राजीनामा द्यावा.

भांडणं मात्र गाजतात ती दिसणाऱ्या भागावरून. रायगडात अलीकडे गाजलं ते पालकमंत्रिपद. १८ जानेवारी २०२५ला मंत्री आदिती तटकरे यांचं नाव जाहीर झालं, तेच पद हवं असलेले दुसरे मंत्री भरत गोगावले यांचे समर्थक रस्त्यावर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी नियुक्तीला स्थगिती मिळाली. गंमत अशी की घटनेत हे पद कुठेच नाही. पण जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असतं आणि जिल्ह्याचा निधी तिथून वाटला जातो. मंत्रिमंडळात काय बोललात हे मतदाराला कळत नाही. नियोजन समितीतून काय आणलंत हे गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकवरून कळतं.

रोहा तालुक्याने देशाला एक अर्थमंत्री दिला आणि त्याने नेमका तो न दिसणारा भाग संसदेत उघड करून दाखवला. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावचा, घर रोह्याचं. रोह्यातलं वाणिज्य महाविद्यालय आज त्यांच्या नावाने आहे. १९१८च्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले, १९४३मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५०मध्ये केंद्रात अर्थमंत्री. १९५२ला ते कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आजच्या रायगडातून, लोकसभेवर निवडून आले.

१६ जानेवारी १९५६ला नेहरूंनी आकाशवाणीवरून राज्यपुनर्रचनेत मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील असं जाहीर केलं. मुंबई पेटली, गोळीबार झाले. १९ जानेवारीला त्याच आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा झाली, आणि तो आवाज देशमुखांचा होता. एका निर्णयाबद्दल मनात राजीनामा आणि दुसरा निर्णय देशाला समजावून सांगायचा, हे एकाच आठवड्यात. राजीनाम्याची इच्छा त्यांनी जानेवारीतच कळवली होती. खुर्ची सोडली ती जुलैत. मधले सहा महिने त्यांच्या चाहत्यांनाही नीट समजावता येत नाहीत. मला ते सनदी नोकराच्या शिस्तीचे वाटतात. अर्थसंकल्प तोंडावर असताना उठून जाणं त्या पिढीला जमणारं नव्हतं.

जूनमध्ये नेहरूंनी मुंबईतच, काँग्रेस महासमितीच्या अधिवेशनात, शहर पाच वर्षं केंद्रशासित राहील असं सांगितलं. २५ जुलैला लोकसभेत देशमुखांनी राजीनाम्याची कारणं मांडली. गोळीबारांची चौकशी नाकारली, ही तक्रार होतीच. पण त्याहून बोचरा मुद्दा होता की मुंबईबद्दलचा हा निर्णय मंत्रिमंडळापुढे आलाच नाही, टिपणी फिरवूनही कोणाचं मत घेतलं नाही. नेहरूंचं उत्तर होतं की सरकारचं धोरण सांगण्याचा अधिकार पंतप्रधानाला असतो. महाराष्ट्राने देशमुखांना मुंबईसाठी पद सोडणारा म्हणून डोक्यावर घेतलं ते योग्यच. त्यांची तक्रार मात्र फाइलीत मुरलेल्या माणसाची होती: मला विचारलं नाही, मग जबाबदारीत मला कसं धरता?

त्यांच्या आधीचे अर्थमंत्री जॉन मथाई १९५०मध्ये गेले तेही जवळपास याच कारणाने. नियोजन मंडळ हे समांतर मंत्रिमंडळ होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्याही आधी षण्मुखम चेट्टी गेले होते. देशमुखांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले आणि १९५८मध्ये मुंदडा प्रकरणात पायउतार झाले. आयुर्विमा महामंडळाने मुंदडांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही, असं चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती छगलांनी म्हटलं होतं. म्हणजे या चारही अर्थमंत्र्यांनी राजीनामाच दिला.

देशमुखांचा प्रश्न तसाच राहिला. १९६१च्या केंद्रीय कामकाज नियमांत १२वा नियम आहे: पंतप्रधानाला आवश्यक वाटल्यास तो ठरलेली पद्धत बाजूला ठेवू शकतो. याच नियमाच्या आधारे २५ जून १९७५च्या रात्री मंत्रिमंडळाला न विचारता प्रस्ताव गेला आणि राष्ट्रपतींनी आणीबाणीवर सही केली. मंत्र्यांना ते दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बैठकीत कळलं. म्हणून १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ३५२व्या अनुच्छेदात अट घातली की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय आणीबाणी नाही. ‘कॅबिनेट’ हा शब्द घटनेत पहिल्यांदा आला तो इथे.

बाकी विषयांना १२वा नियम आहेच. २३ नोव्हेंबर २०१९ला महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट पहाटे ५.४७ वाजता उठली ती त्याच्याच आधारे, आणि सकाळी राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून आली, १९७५मध्ये आली होती तशीच. आम्हाला विचारलं नाही म्हणून दोन्ही वेळा कोणत्याच मंत्र्याने पद सोडलं नाही.