नाकावर किती विसंबावे?

बडोद्याच्या वायव्येस कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला. तेव्हा शेतांनी वेढलेला तो परिसर आता दाट वस्तीचा आहे. उंडेरा-बाजव्याकडून येणारे पालक हिवाळ्यात मला हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, काल रात्री फार वास होता. बाळाला अपाय तर नाही ना होणार?"

प्रश्न रास्त आहे. परंतु वास आणि अपाय यांचे नाते तितके सरळ नाही. कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो वायू अत्यल्प असतानाही नाकाला कळतो. त्याने डोके दुखते, मळमळते, झोप मोडते. या तक्रारी मनाचे खेळ म्हणून झटकणे मला मान्य नाही. बेन्झीनचे तसे नाही. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार हवेतील बेन्झीनची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी. त्याचा गोडसर वास मात्र याच्या शेकडो पट प्रमाण झाल्यावरच जाणवतो. रक्ताच्या कर्करोगास कारणीभूत ठरणारे हे द्रव्य वर्षानुवर्षे श्वासात जात असले, तरी नाक मूक राहू शकते. त्यातच बालक वजनाच्या मानाने प्रौढापेक्षा अधिक हवा आत घेते.

११ नोव्हेंबर २०२४ रोजी कोयलीत बेन्झीनची टाकी पेटून दोघांचा मृत्यू झाला. तो धूर दुरूनही दिसला. मला चिंता आहे ती काहीच न दिसणाऱ्या दिवसांची.

अमुक बालकाचा दमा कारखान्यामुळेच जडला, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. वाहनांचा धूर, घरातील धूम्रपान, आनुवंशिकता (आणि हो, आपली लाडकी उदबत्तीही!) यांचा वाटा वेगळा काढणे कठीण असते. सल्फर डायऑक्साइडने दमेकरी बालकाच्या श्वासनलिका काही मिनिटांतच आकुंचन पावतात, हे मात्र निर्विवाद आहे. हिवाळ्याच्या रात्री गार हवा जमिनीलगत साचते व हे वायू वर विरत नाहीत.

म्हणून मोजमाप हवे, तेही कुंपणालगत. अमेरिकेत २०१५ च्या नियमाने अशा कारखान्यांना कुंपणापाशी बेन्झीन सतत मोजावे लागते; वार्षिक सरासरी ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यास कारण शोधून दुरुस्ती करणे बंधनकारक आहे.

आपल्या हाती केसपेपर आहे. दम लागलेल्या बालकाच्या नावापुढे वस्ती, त्रासाची रात्र आणि त्या रात्री वास होता की नव्हता, एवढे तीन तपशील आपल्या मंडळातील बालरोगतज्ज्ञांनी येत्या हिवाळ्यापासून लिहावेत, अशी माझी विनंती आहे.